बालीच्या विमानतळावर मी सिंगल झालो

चहा घ्या आधी, थंडा होऊन राहिला. अन् हे जे मी सांगतो ना, ते ऐकून खुशाल हसा, मले वाईट नाई वाटत. फक्त कुसुम पाणी घेऊन बाहेर आली की तोंडं सरळ करून घ्या. तिच्यासमोर हा विषय काढाचा नाई, एवढा शब्द द्या.

माणूस आयुष्यात चुका करतेच. मीबी लय केल्या. उभ्या शेवंतीवर तणनाशक मारलं. सख्ख्या साडूच्या घरच्या लग्नाले एक दिवस उशिरा पोचलो, आहेर घेऊन. पण विमानातून उतरल्यावर पाऊण तासाच्या आत मी जी चूक केली, तशी आमच्या नांदगाव पेठेत आजवर कोणी केली नसेल. नांदगाव पेठ सोडा, अख्ख्या अमरावती जिल्ह्यात नाई!

आमचा धंदा तुमाले माहीतच हाये. फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. मी लावतो, पाणी देतो. कुसुम तोडते, हार ओवते, अन् सकाळी अमरावतीच्या बाजारात जाऊन बसते. एकतीस वर्षं झाली लग्नाले. या एकतीस वर्षांत मी तिले कुठं कुठं नेलं असेल? शेगावले नेलं. चिखलदऱ्याले नेलं, एकदा, अन् दुपारीच परत आणलं, कारण वावरातली पाण्याची मोटर चालू राहिली होती. दसरा-दिवाळीले जग फिराले निघते, तेव्हा आमच्या अंगणात झेंडूचे ढीग असतात. कुसुमनंही कधी तोंड उघडून काही मागतलं नाई.

मंग एक दिवस पोरीचा फोन आला. पल्लवी, आमची एकुलती एक, नवऱ्यासोबत पुण्यात राहते. म्हणाली, "बाबा, आम्ही तिकिटं काढलीत. तुम्ही दोघं आणि माझे सासू-सासरे, चौघं बालीला जायचं. पाच दिवस. नाही म्हणायचं नाही."

बाली म्हणजे तिकडं समुद्रात, इंडोनेशिया देशातलं बेट. आपल्याकडचे लोक आता जसे माहूरले जातात तसे तिकडं जातात. कुसुमनं फोन ठेवला अन् ओट्यावर बसूनच राहिली. मंग हळूच म्हणाली, "विमानात खिडकी मिळते काय हो?"

आता आमचे इवाई, म्हणजे पल्लवीचे सासरे. दिगंबरराव. अकोल्याले राहतात, बँकेतून रिटायर झाले. माणूस सोन्यासारखा. पण एकदा दुबईले जाऊन आले, अन् तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य दुबईपासून सुरू होते. निघाच्या पंधरा दिवस आधी त्यांचा फोन आला.

"इवाई, दुबईले आमी पाह्यलं ना, म्हून सांगतो. बाहेरच्या देशात कायदे लय कडक राहतात. बॅगेत काही भलतंसलतं सापडलं, की संपला माणूस!"

"भलतंसलतं म्हणजे?"

"पावडर-बिवडर. तिकडं कुत्रे असतात वास घेणारे. कुत्रं बॅगेजवळ बसलं की समजाचं, गेला तो."

"अन् त्याच्या सोबतचा माणूस?"

"तोबी आत! पहिले दोघं आत, मंग विचारपूस."

झालं. हे वाक्य माह्या डोक्यात असं रुतलं, जसा बाभळीचा काटा टाचेत. पण इवायासमोर भेव दाखवाचं कसं? अमरावतीचा माणूस अकोल्यासमोर घाबरते काय? मी म्हटलं, "तुमी फिकर नका करू, मी सगळी तयारी करतो."

अन् केली तयारी! मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी घरीच विमानतळ मांडला. अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली, पुढं फुलांचं क्रेट उलटं ठेवलं, झालं काउंटर. मी ऑफिसर. कुसुम हार ओवता ओवता प्रवासी.

"व्हाय यू कम?" मी दरडावून विचाराचो.

"हालिडे," कुसुम सुईत दोरा घालत म्हणायची.

"हाउ मेनी डे?"

"फाइव्ह डे."

"हू इज विथ यू?"

इथं ती अडायची. "अवो, हे काय विचारून राहिले?"

"सोबत कोण हाये, असं विचारते तो. तू म्हणाचं, हजबंड. अन् माह्याकडं बोट दाखवाचं. बाकी काही नाई आलं तरी चालते. कोणी काईही विचारू दे, हजबंड म्हणाचं अन् बोट दाखवाचं. पुढचं मी पाहून घेतो."

"मले भेव लागते हो. तुमी असाल ना जवळ?"

"मंग काय वाऱ्यावर सोडतो काय तुले? मी हाये ना!"

हे मी बोललो होतो. याच तोंडानं. पंधरा दिवस, रोज.

निघालो. रेल्वेनं मुंबई, वाटेत अकोल्याले इवाई जोडीनं चढले, मुंबईहून विमान. कुसुमले खिडकी मिळाली. नवी साडी, खाली पल्लवीनं पाठवलेले पांढरे स्पोर्ट शूज. सारा रस्ता ती खिडकीले नाक लावून बसली. ढग खाली दिसले तर म्हणते कशी, "अवो, पाहा ना, कापूस वेचून वाळू घातला वाटते कोणी!" मी मान डोलावली अन् मोबाईलवर सेव्ह केलेले प्रश्न पुन्हा वाचाले घेतले. तेव्हा तिच्यासोबत खिडकीतून पाह्यलं असतं तर? पण ते अक्कल आली तेव्हा सुचलं.

दुपारी उतरलो. आपल्या अमरावतीचं ऊन कसं, खरपूस भाजते. तिकडचं ऊन उकडून काढते. दार उघडलं अन् असं वाटलं, कोणी अंगावर ओली गोधडी टाकली. आत गेलो तर जागोजागी मूर्त्या, अन् खाली जमिनीवर पानांच्या इवल्या इवल्या परड्या, त्यात फुलं. कुसुम मधातच थांबली. मागचे चार लोक तिच्यावर आदळले.

"अवो, झेंडू! आपला झेंडू हाये यात!"

ती वाकली तशी मी तिचा दंड धरून ओढली. "हात नको लावू! कॅमेरे हायेत!"

"मी नुसतं पाहून राहिली होती."

"पाहूबी नको!"

पासपोर्टच्या खिडकीवर तर गंमतच झाली. तिथल्या माणसानं आमच्याकडं पाह्यलं, ठप्पा मारला, अन् जा म्हटलं. एक प्रश्न नाई! कुसुमचं तोंड उतरलं. "काईच नाई विचारलं यानं. मी एवढं पाठ केलं होतं."

माही मात्र छाती दोन इंच फुगली. मी इवायाकडं वळून म्हटलं, "पाह्यलं? तयारी पायजे!" दिगंबरराव म्हणाले, "दुबईले पण असंच झालं होतं." त्यांची बॅग यायची होती, म्हून ते अन् त्यांच्या मंडळी, आमच्या ईनबाई शालिनीताई, मागं राहिले. मी दोन्ही बॅगा ढकलगाडीवर टाकल्या अन् निघालो ऐटीत. गाडी मी ढकलून राहिलो, कुसुम बाजूले.

तेवढ्यात ते आलं.

कुत्रं! लोंबत्या कानाचं, गोड तोंडाचं, अंगावर निळं जाकीट. त्यानं माही बॅग हुंगली. पुढं गेलं. कुसुमची बॅग हुंगली. पुन्हा हुंगली. अन् बसलं. बसलं म्हणजे कसं? पंगतीत पाहुणा बसते तसं, ऐसपैस.

"अवो, किती गोड हाये हो हे! पाहा, माह्यापाशी बसलं!" कुसुम खुश. वाकून "यू यू" करून राहिली.

इकडं माह्या कानात एकच आवाज, "पहिले दोघं आत, मंग विचारपूस."

एक तरुण ऑफिसर बाई आली. हसतमुख, टापटीप. तिनं कुसुमची बॅग उचलली अन् स्टीलच्या टेबलावर नेऊन ठेवली. कुसुम मागोमाग. मी? मी गाडी धरून जागीच.

"युअर बॅग, मॅडम?" बाईनं विचारलं.

अखेर कोणीतरी प्रश्न विचारला! कुसुमचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "हालिडे!" ती म्हणाली.

"यस, यस. धिस बॅग, युअर्स?"

"फाइव्ह डे!"

ऑफिसर बाई गोंधळली. कुसुमचे दोन शब्द संपले होते. उरला एक. तिनं तो काढला. "हजबंड!" असं म्हणून तिनं बोट दाखवलं.

बोट दाखवलं तिथं मी नव्हतो.

मी चार पावलं डावीकडं सरकलो होतो, अन् भिंतीवरची हॉटेलची जाहिरात वाचून राहिलो होतो. इंग्रजीतली. मन लावून.

कुसुमचं बोट हवेत फिरलं, मले शोधलं, अन् थांबलं. "हजबंड," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.

"सर?" ऑफिसर बाई माह्याकडं वळली. "टुगेदर?"

आता सांगा, काय अवघड होतं? ‘यस’ एवढंच म्हणाचं होतं. पण माह्या तोंडातून जे निघालं, ते माह्या कानांनीबी पहिल्यांदाच ऐकलं.

"नो नो! नो टुगेदर! सिंगल! ओन्ली सिंगल!"

"यू आर नॉट विथ हर?"

"सिंगल, मॅडम!"

"यू डोन्ट नो हर?"

आता एवढं साफ खोटं कसं बोलाव? माणसाले थोडीफार तरी लाज असते ना! मी म्हटलं, "लिटिल. लिटिल लिटिल."

थोडी थोडी ओळखतो! एकतीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिले मी थोडी थोडी ओळखतो!

तुमाले वाटत असेल, कुसुमले इंग्रजी येत नाई, तिले काय समजलं असेल. गड्यांनो, तिच्या वावरात मोटर चालते. सिंगल फेज आली की मोटर ऐनवेळी दगा देते, हे तिले शिकवा लागत नाई. तिनं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाई हो. रागानं पाह्यलं असतं तर बरं झालं असतं. ती अशी पाहून राहिली, जसं बाजारात रोजच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं दिसावं.

मंग बॅग उघडली.

अन् माही खरी वरात तिथून सुरू झाली. कारण त्या बॅगेत काय होतं, हे मले तोवर माहीतच नव्हतं. बॅगा तिनं भरल्या होत्या. माह्या बॅगेत माहे नवे शर्ट, दोन जोडी जोडे अन् एक मोठी टोपी. बाकी सगळं तिच्या बॅगेत.

पहिले निघाल्या माह्या बंड्या. चार. मर्दानी, बिनबाह्याच्या. ऑफिसर बाईनं एक उचलून धरली.

"हजबंड," कुसुम म्हणाली.

मंग माह्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या. "हजबंड." माहा जास्तीचा चष्मा. "हजबंड." गुडघ्याले लावाचं तेल, तीन पदरी पिशवीत बांधलेलं. "हजबंड." मले बाहेरचं तिखट सोसत नाई म्हून भाजलेले शेंगदाणे, मले रिकामा चहा जात नाई म्हून टोस्ट, मले नरम उशी लागते म्हून घडी घातलेली जुनी चादर. "हजबंड. हजबंड. हजबंड."

दर वेळी ती बोट दाखवे. दर वेळी ऑफिसर बाई वळून माह्याकडं पाहे. दर वेळी मी जाहिरात वाचे. ती जाहिरात मले आजही तोंडपाठ हाये.

कुसुमचं स्वतःचं त्या बॅगेत काय होतं? दोन साड्या अन् कंगवा. तळाशी. एका कोपऱ्यात.

मंग निघाली पावडर.

पांढरट, भुरकट, पाव किलो. विना नावाची प्लास्टिकची पिशवी, वरून रबर. मी स्वतःलेच म्हटलं, गजानन, संपलं सगळं. ऑफिसर बाईनं दुसऱ्याले बोलावलं. दुसऱ्यानं तिसऱ्याले. हातमोजे आले.

"व्हॉट इज धिस, मॅडम?"

"इसबगोल," कुसुम म्हणाली.

"इस… व्हॉट?"

कुसुमजवळ शब्द नव्हते. पण ती काय घाबरते? तिनं हातानं सांगाले घेतलं. पहिले माह्याकडं बोट. "हजबंड." मंग स्वतःच्या पोटावर हात. मंग पोट कडक झाल्यासारखं दाखवलं, तोंड आंबट केलं, अन् मान हलवली, "नो. नो." मंग पिशवी दाखवली, पाणी प्याल्यासारखं केलं, अन् हात वरून खाली असा झर्रकन नेला. "यस!"

अख्ख्या रांगेले समजलं. जगातल्या सगळ्या देशांचे लोक होते त्या रांगेत. सगळ्यांले समजलं! एक गोरा म्हातारा तर माह्याकडं पाहून अशी मान हलवून राहिला, जसा जन्माचा समदुःखी भेटला.

अन् बरोब्बर तेव्हाच मागून ओळखीचा आवाज आला. "इवाई? काय झालं? तुमी इकडं काहून उभे? ताई एकट्या काहून तिकडं?"

दिगंबरराव! अन् शालिनीताई! मी म्हटलं, "हळू बोला. मी सिंगल हाये."

"काय हाये?"

"सिंगल! तुमीच सांगतलं होतं ना, दोघं आत!"

दिगंबररावांचं तोंड उघडंच राहिलं. शालिनीताईंनी मात्र एक क्षण नाई घालवला. हातातली बॅग तिथंच टाकली, सरळ टेबलापाशी गेल्या अन् कुसुमचा हात हातात धरून उभ्या राहिल्या. त्या बाईले इंग्रजीचा एक शब्द येत नाई. दुबईले जाऊनबी येत नाई!

ऑफिसर लोकांनी एक ग्लास पाणी आणलं. कुसुमनं चिमूटभर इसबगोल त्यात टाकलं. सगळे वाकून पाहून राहिले. ते फुगलं. "आऽऽ!" तिघंही एकदमच म्हणाले अन् हसले. पावडरचं प्रकरण मिटलं.

पण कुत्रं काई उठून जाईना. ते बॅगेकडंच पाहून राहिलं. मंग ऑफिसर बाईनं बॅगेचा बाजूचा कप्पा उघडला, आत हात घातला, अन् एक मोजा काढला. पायातला. फुगलेला. मोज्यात दोन संत्री!

मी जाहिरातीत तोंड आणखी खुपसलं. कारण मोजा माहा होता. संत्रीबी माहीच होती. विमानात मळमळलं तर तोंडात धराले असावीत, म्हून घरून निघता निघता मीच कोंबली होती. माह्या बॅगेत टोपीनं जागा खाल्ली होती, म्हून तिच्या बॅगेत. अन् तिले सांगाचं राहून गेलं होतं. तिकडं फळं न्यायला बंदी. कुत्रं त्याच्यासाठीच बसलं होतं! मळमळलं तर नाईच, उलट मीच सगळ्यांले मळमळवलं.

कुसुमनं ती संत्री पाह्यली. मोजा पाह्यला. मंग माह्याकडं पाह्यलं. तिले सगळं समजलं. माहे मोजे तीच तर धुते.

"मॅडम, हूज?" ऑफिसर बाईनं विचारलं. "हजबंड?"

आता ती बोट दाखवणार, मी डोळे मिटले. अन् दाखवाच पायजे होतं! त्या पूर्ण बॅगेत तेवढा एकच गुन्हा होता, अन् तो माहा होता.

कुसुमनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माही हायेत," म्हणाली. "मी आणली."

तिथं मले पुढं व्हावसं वाटलं. खरंच सांगतो. पण पाय उचलला नाई. अजूनबी कधी झाडांले पाणी देता देता ते आठवते, अन् हातातलं फावडं थांबते.

संत्री जप्त केली. दंड-बिंड काही नाई, एक कागद भराचा होता. त्यासाठी बाईनं कुसुमचा पासपोर्ट घेतला, पानं चाळली, अन् शेवटच्या पानावर थांबली. आपल्या पासपोर्टवर शेवटच्या पानावर काय असते, माहिते? नवऱ्याचं नाव!

तिनं जोर लावून, तोडून तोडून वाचलं, "ग… जा… नन?"

अन् मी काय केलं असेल? शाळेत हजेरीले दहा वर्षं जे केलं तेच. पाठ ताठ, हात वर.

"यस मॅडम!"

सगळी रांग फुटली हसून. ऑफिसर बाईनं माह्याकडं पाह्यलं, पासपोर्टकडं पाह्यलं, टेबलावरच्या चार बंड्यांकडं पाह्यलं. ती हसली नाई बरं का. तिनं बॅगेतलं सगळं सामान नीट घडी घालून परत ठेवलं, कुसुमच्या हातात बॅग दिली, अन् दोन्ही हात जोडून म्हणाली, "हॅपी हॉलिडे, मॅडम."

मले काहीच नाई म्हणाली. माह्यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हता.

बाहेर निघताना दिगंबरराव माह्या बाजूनं चालून राहिले होते. मंग म्हणाले, "इवाई, दुबईले असं कधी नव्हतं झालं."

गाडीत कुसुम शालिनीताईंपाशी बसली. मी मागं, बॅगांसोबत. थोड्या वेळानं मी पुढं वाकून म्हटलं, "अवं, मी विचार केला होता त्याच्यामागं. दोघं आत गेलो असतो तर सोडवाले कोण राहिलं असतं? एक जण बाहेर पायजे का नाई?"

कुसुम खिडकीबाहेर पाहून राहिली होती. तशीच म्हणाली, "मंग मले बाहेर ठेवाचं होतं."

संपला माहा वकिली मुद्दा.

तुमी म्हणाल, मंग पाच दिवस अबोला झाला असेल. नाई! अबोला असता तर मनवली असती, मले येते ते. ती बोले, हसे, वेळेवर गोळ्या दे. फक्त तिनं मले विचाराचं सोडून दिलं. आधी घरून निघाली की प्रत्येक गोष्ट विचारायची. हे खाऊ काय? इथं बसू काय? तिकडं जाऊ काय? मले वैताग याचा. आता ती विचारेच ना. उठे अन् जाये.

हॉटेलात रोज सकाळी एक बाई त्या पानांच्या परड्या बनवत बसे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कुसुम तिच्यापाशी मांडी घालून. तिची भाषा हिले येत नाई, हिची तिले येत नाई. पण दोघींची बोटं पानावर अशी चालून राहिली, जशा जन्माच्या मैत्रिणी. कुसुमनं तिले आपल्याकडचा झेंडूचा गुच्छ बांधून दाखवला. त्या बाईनं कुसुमच्या कानामागं चाफ्याचं फूल खोवलं. मी दूर उभा राहून पाहून राहिलो. जवळ जाव, तर काय म्हणून जाव?

समुद्रात ती शालिनीताईंचा हात धरून शिरली. लाट आली की दोघी पोरींसारख्या ओरडत. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, फूल कानामागं तसंच. मी किनाऱ्यावर चौघांच्या चपला सांभाळून बसलो.

चौथ्या दिवशी मले राहवलं नाई. संध्याकाळी ती एकटी वाळूत बसली होती. मी जाऊन बसलो. म्हटलं, "कुसुम, चुकलं माहं. मी भेलो."

ती म्हणाली, "मले माहीत हाये, तुमी भेले. मीबी भेलीच होती."

"तुले राग आला ना?"

"राग नाई आला." ती वाळूत बोटानं रेघा मारून राहिली. "नवल वाटलं. एकतीस वर्षांत मले कधी प्रश्नच नव्हता पडला, की कोणी विचारलं तर तुमी काय सांगाल."

मी तिच्या बाजूले बसून राहिलो. ती उठून नाई गेली. एवढंच काय ते माहं नशीब.

मले तेव्हा जे सुचलं ते मी केलं. मोबाईल काढला अन् तिचे फोटो काढत सुटलो. तिथून निघेपर्यंत दुसरं काही नाई. कुसुम समुद्रात, कुसुम देवळाच्या दारात, कुसुम शहाळं पिताना, कुसुम अन् शालिनीताई, कुसुम अन् ती परडीवाली बाई. तीनशेच्या वर फोटो. विमानतळावर जी दिसली नाई, ती आता डोळे भरून पाहून राहिलो, असंच म्हणा.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या यमुनाकाकू आल्या, सोबत गल्लीतल्या चार बाया. कुसुम मोबाईल घेऊन ओट्यावर बसली, एकेक फोटो दाखवून राहिली. हे समुद्र, हे चाफ्याचं झाड, ही माही मैत्रीण. मी आतून ऐकून राहिलो होतो. किती खुश होती!

शंभरेक फोटो झाले असतील. यमुनाकाकू जरा थांबल्या. चष्मा वर केला. पुन्हा मोबाईलमधी पाह्यलं, अन् इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "कुसुम, एक विचारू काय वं? तुहा मालक नव्हता आला काय सोबत? एकाबी फोटोत दिसत नाई!"

मी दाराआड सरकलो. आता ही सगळं सांगणार. अन् सांगावंच तिनं, तिचा हक्क होता.

कुसुमनं पुढचा फोटो सरकवला अन् म्हणाली, "होते ना काकू, सोबतच होते. फोटो काढाले कोणीतरी लागतेच की."